परदेशी वन्यजीव प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून जाताना

जाहिरातीतल्या फोटोत स्वयंसेवकाच्या मांडीवर सिंहाचा बछडा दिसला, की तो प्रकल्प यादीतून काढून टाका. दक्षिण आफ्रिकेत या धंद्याची साखळी उघड झालेली आहे. बछडे जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात आणि पैसे भरून आलेल्या पाहुण्यांच्या हातून बाटलीने दूध पाजतात. जरा मोठे झाले की ‘सिंहासोबत फेरफटका’ सुरू होतो आणि त्यानंतर बरेचसे कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारात जातात. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, कारण त्याची माणसाबद्दलची भीतीच गेलेली असते. त्यामुळे ‘आम्ही यांना पुढे जंगलात सोडतो’ असं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

मग चांगला प्रकल्प ओळखायचा कसा? पैसे भरण्याआधी ईमेलवर चार गोष्टी विचारा. प्राणी कुठून येतात? इथे पैदास होते का? मागच्या तीन वर्षांत किती आले, किती सोडले, किती मेले? आणि स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत काम कोण करतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर ‘आमचे पगारी स्थानिक कर्मचारी’ असं आलं तर पुढे बोला. तुमच्यावाचून काम बंद पडत असेल, तर तिथे काम कमी आणि पाहुणचार जास्त आहे. मृत्यूचा आकडा शून्य सांगितला तर तीही शंकेचीच जागा आहे, कारण बचाव केंद्रात मुळात जखमी, आजारी आणि अनाथ प्राणी येतात. ‘ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज’ची मान्यता आहे का ते पाहा. आफ्रिकेतल्या माकडांच्या आणि चिंपांझींच्या केंद्रांसाठी ‘पॅन आफ्रिकन सँक्च्युअरी अलायन्स’चं सदस्यत्व तपासा.

प्रकल्प फी घेतो म्हणून बिचकू नका. राहणं, जेवण, वाहन आणि तुम्हाला शिकवणाऱ्याचा वेळ यांना खर्च येतोच. फक्त फीचा हिशेब लेखी मागा आणि त्यातला किती भाग प्रत्यक्ष प्रकल्पाकडे जातो ते विचारा.

निघण्याआधी

व्हिसाबाबत एक चूक वारंवार होते. बिनपगारी काम असलं तरी अनेक देश त्याला कामच मानतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. कोणता व्हिसा लागेल ते संस्थेकडून लेखी घ्या आणि त्या देशाच्या दूतावासाकडून पडताळून घ्या. शाळेत काम असेल तर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागू शकतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आधीच करून ठेवा. विमा घेताना दुर्गम भागातून रुग्णाला बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का, आणि प्राणी हाताळताना झालेली इजा वगळली आहे का, हे बारीक अक्षरांतलं वाचा.

लसींसाठी निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. रेबीजची आगाऊ लस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीनुसार दोन डोसांची आहे: पहिल्या दिवशी एक, सात दिवसांनी दुसरा. लस घेतली म्हणून चावा दुर्लक्षित करायचा नाही. जखम साबण-पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच. फायदा एवढाच, की इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, आणि दुर्गम ठिकाणी नेमकं तेच मिळत नाही. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरलं जातं, म्हणून ती आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

कासवांच्या किनाऱ्यावर

कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोसारख्या किनाऱ्यावर काम म्हणजे रात्रीची गस्त: भरतीच्या रेषेलगत, गडद कपड्यांत, तासन्‌तास. पांढरा दिवा लावायचा नाही, लाल लावायचा आणि तोही गरजेपुरताच. मादी पाण्यातून वर येत असताना किंवा खड्डा खणत असताना जवळ गेलात, तर ती अंडी न घालताच परत फिरते. अंडी पडायला लागली, की मागच्या बाजूने जाऊन मोजणी करायची. पाठीची लांबी कवचाच्या वळणावरून, मऊ टेपने मोजतात.

घरटं हलवायचं की नाही, हा निर्णय तुमचा नाही. हलवायचं ठरलं तर घड्याळ लावा. अंडी घातल्यावर साधारण सहा तासांत काम उरकलं पाहिजे. त्यानंतर गर्भ अंड्याच्या कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. म्हणून अंडं ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने ठेवायचं. मूळ खड्ड्याची खोली आणि रुंदी मोजून तसाच खड्डा खणायचा, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, मडक्यासारखा. उथळ झाला तर वाळू जास्त तापते. सुमारे २९ अंशांच्या आसपास नर-माद्या मिसळून निघतात आणि त्याहून तापल्यावर माद्याच वाढत जातात. डासांचं औषध चोळलेले हात अंड्यांना लावू नका, हातमोजे घाला.

पिल्लं बादलीत साठवून दुसऱ्या दिवशी पर्यटकांसमोर सोडणारे प्रकल्प टाळा. घरट्यातून बाहेर पडल्यावर पिल्लांना खोल पाणी गाठण्याचा जो जोर असतो, तो बादलीतच संपतो.

कॅमेरा ट्रॅप

कॅमेरा ट्रॅप म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. तो लावणं दिसायला सोपं काम, पण महिनाभराची माहिती इथेच वाया जाते. कॅमेरा जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर, वाटेपासून तीन-चार मीटर लांब, वाटेला काटकोनात न ठेवता थोडा तिरका बांधा. काटकोनात लावला तर फोटोत नुसती शेपटी येते. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, पूर्व-पश्चिमेला ऊन थेट भिंगात शिरतं. समोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या काढा, नाहीतर वाऱ्यावर हलणाऱ्या पानांचे हजारो फोटो तपासत बसाल. जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र घालू नका. बॅटरी बदलल्यावर काही कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते, म्हणून दरवेळी तारीख-वेळ पाहा, ठिकाणाचा क्रमांक पाटीवर लिहून पहिला फोटो त्याचा घ्या आणि समोरून रांगत जाऊन कॅमेरा चालतो का ते बघा. सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक पकडतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात दुपारी तो प्राणी चुकवू शकतो. त्या तासांत फोटो नाही म्हणजे प्राणी नाही, असं लिहू नका.

गावात आणि शाळेत

हत्ती रात्री ज्याचं शेत तुडवतो, त्याला हत्तीचं महत्त्व पटवायला जाऊ नका. पहिला आठवडा फक्त ऐका: नुकसान कधी होतं, भरपाई मिळते का, आधी काय करून पाहिलं. केनियातलं मधमाश्यांचं कुंपण लोकांना का पटलं, ते समजून घ्या. साधारण दहा-दहा मीटरवर टांगलेल्या पेट्या तारेने जोडलेल्या असतात. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या उठतात, हत्ती मागे फिरतो. शेत वाचतं आणि वर मधही मिळतो.

वर्गात दुभाष्या असेल तर ४० मिनिटांच्या तासाला २० मिनिटांचाच मजकूर न्या. चित्रं त्याच परिसरातल्या प्राण्यांची हवीत. साप हा विषय हमखास निघतो, तेव्हा दंशावर चिरणं नाही, आवळून बांधणं नाही, हालचाल न करता दवाखाना, एवढं तरी पक्कं करून घ्या. स्थानिक शिक्षक वर्गात असल्याशिवाय तास घेऊ नका आणि मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीविना काढू नका. पहिला तास तुम्ही घ्या, दुसरा शिक्षकासोबत, तिसरा शिक्षकाने घ्यावा आणि तुम्ही मागच्या बाकावर बसावं. तिसरा तास झालाच नाही तर तुमच्यामागे भिंतीवरची चित्रंच उरतात. सुरुवातीला आणि शेवटी तेच पाच प्रश्न विचारा, म्हणजे मुलांना काय कळलं ते दिसेल.

हे होऊ देऊ नका

सर्दी-खोकला असताना चिंपांझी किंवा गोरिलांजवळ जाऊ नका, आपल्या साध्या सर्दीचा विषाणू त्यांचा जीव घेऊ शकतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२०मध्ये मास्क आणि किमान दहा मीटर अंतर सांगितलं आहे. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट घासून, निर्जंतुक करून, वाळवा, कारण बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते. गेंड्याचा फोटो टाकण्याआधी त्यातलं ठिकाण काढा, शिकारीही फोटो बघतात.

शेवटचे दोन दिवस सामान बांधण्यात घालवू नका. नोंदी, कॅमेऱ्यांतल्या मेमरी कार्डांचे क्रमांक आणि अर्धवट कामांची यादी पुढच्या माणसाच्या हाती द्या. कासवाचं कवच, हाड, पोवळं सामानात नको, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे विमानतळावरच अडकाल. मलेरियाच्या गोळ्या घरी पोचल्यावर बंद करू नका: डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. आणि पुढच्या वर्षभरात कधी ताप आला, तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आधीच सांगा.