मोबाईलच्या थर्मल कॅमेऱ्याने मधुमेही पाय कसे तपासावेत

मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली की कुठे घासतंय, कुठे दाब पडतोय हे माणसाला कळत नाही. पण जखम होण्याआधी तो भाग बऱ्याचदा गरम होतो आणि हे मोबाईलला जोडायचा स्वस्त थर्मल कॅमेरा दाखवू शकतो. जमलं तर १६०×१२० पिक्सेलचा घ्या. ८०×६० चालतो, फक्त बोटं एकमेकांत मिसळून दिसतात.

जखम, पू किंवा काळा डाग आधीच दिसत असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

चप्पल-मोजे काढा, तेल किंवा मलम पुसा. ॲपमध्ये एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) ०.९८ ठेवा, त्वचेसाठी तीच योग्य.

आता खरा अवघड भाग, पाय स्थिरावू देण्याचा. मलाही हा जमायला वेळ लागला. बाहेरून आल्याआल्या, आंघोळीनंतर लगेच किंवा एका पायावर ऊन पडत असताना काढलेला फोटो निरुपयोगी असतो. पंधरा मिनिटं बसवा आणि पंख्याचा झोत पायावर नको. पाय गार फरशीवर टेकवू नका, कारण तळव्याचा जो भाग टेकतो तो थंड पडतो आणि नसलेला फरक दिसतो. पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब करून तळवे मोकळे ठेवा, पण घोटे एकमेकांवर टाकू नका. तोवर कॅमेराही जोडून चालू ठेवा. मधूनमधून टिक असा आवाज येतो, तेव्हा तो स्वतःला जुळवून घेत असतो. आवाजानंतर दोन क्षण थांबूनच फोटो काढा.

“३४ अंशांच्या वर गेलं की धोका” असले सल्ले सरळ सोडून द्या. स्वस्त कॅमेऱ्याचा आकडा ३ अंशांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणून दोन्ही तळवे एकाच चौकटीत, मधोमध, साधारण अर्ध्या मीटरवरून घ्या. चूक असेल ती दोन्हीकडे जवळपास सारखीच राहते आणि फरक खरा निघतो. रंगांवरही विसंबू नका. चौकटीत जेवढं तापमान असेल तेवढ्यावरच ॲप सगळे रंग आपोआप ताणतं, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरकही लालभडक दिसतो. रंगपट्टी २४ ते ३६ अंशांवर स्थिर करता येत असेल तर करा.

मग अंगठा, चवड्याच्या तीन जागा, मधला तळवा आणि टाच यांचे डाव्या-उजव्याचे आकडे समोरासमोर लिहा. त्याच जागी २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सलग दोन दिवस राहिला तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना फोन करा. एक पाय लाल, सुजलेला आणि गरम असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूच नका. दुखत नाही म्हणून थांबणं इथे सर्वांत महागात पडतं, कारण आतली हाडं खचत असू शकतात.

उलट एक पाय कायम थंड राहत असेल तर रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या. फरक आला नाही म्हणजे पाय निर्धोक, असंही नाही. दोन्ही पाय सारखेच बिघडलेले असतील तर ही तुलना काहीच सांगत नाही. म्हणून बोटांच्या बेचक्या रोज डोळ्यांनी बघायच्याच, आणि तारीख घातलेले फोटो पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायचे.