जुन्या फोटोतला फौजी ओळखताना या चुका टाळा

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या बऱ्याच घरांत खाकी वर्दीतल्या जवानांचा एखादा जुना फोटो सापडतो. मागे ना नाव, ना तारीख. अशा वेळी नजर आधी चेहऱ्यावर आणि बंदुकीवर जाते. बघायचा असतो तो खांदा.

खांद्याच्या पट्टीवर पितळी आकडे आणि अक्षरं असतात. मराठा पलटणींचे क्रमांक 1922पर्यंत 103, 105, 110, 114, 116 आणि 117 असे होते. त्या वर्षी त्यांची मिळून 5वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. जुनी 103 तिची पहिली बटालियन, 117 पाचवी. म्हणून तीन आकडे दिसले, तर फोटो बहुधा 1922च्या आधीचा. 111 दिसला तर तो जवान मराठा पलटणीतला नाही, महार पलटणीतला आहे. ती 1917 साली उभी राहिली आणि 1921 साली मोडली. इंग्रजीत तेव्हा 'मराठा' लिहिताना 'आर'च्या आधी 'एच' आणि पुढे दोन 'टी' असत, हेही ध्यानात ठेवा.

हे आकडे वाचता येत नाहीत, कारण स्कॅन कमी पडतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत माणूस 10 सेंमी उंच असेल, तर खांद्यावरची 4 सेंमीची पट्टी जेमतेम अडीच मिमी भरते. 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) ती तीसेक पिक्सेलची होते, 1200ला सव्वाशेच्या जवळपास. 1200 डीपीआयवर, रंगीत, टिफ फाइलमध्ये, दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची पुसट पेन्सिल टॉर्च आडवा धरला की उमटते. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून भागत नाही.

आकडे उलटे दिसले तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. आकडे नसतील तर पदकं बघा: ती घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला हवीत. कोटाची आपल्या उजवीकडची बाजू वर आलेली हवी.

बंदुकीवरून साल काढू नका. नळीच्या टोकापर्यंत लाकूड आणि पुढे चपटं तोंड असलेली ली-एनफिल्ड बंदूक ब्रिटिश काळातल्या हिंदी फौजेने दोन्ही महायुद्धांत वापरली. छातीवर कॅनव्हासचे दोन मोठे चौकोनी पाउच असतील तर मात्र फोटो 1937च्या आधीचा नाही. स्टुडिओतल्या फोटोत तलवार, खुर्ची, मागचा पडदा बहुतेक वेळा स्टुडिओचाच. त्यावरून हुद्दा किंवा रणांगण ठरत नाही.

खांद्यावर एक चांदणी म्हणजे सेकंड लेफ्टनंट, ही चूक फार होते. हिंदी फौजेत जमादारालाही एकच चांदणी होती, सुभेदाराला दोन. दंडावरच्या फिती वेगळ्या: एक लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. कोपराच्या खालच्या उलट्या फिती हुद्द्याच्या नसतात, त्या चांगल्या वर्तणुकीच्या किंवा परदेशी सेवेच्या.

संगणकाने रंगवलेल्या फोटोवरून पदकाची फीत ओळखणं सोडून द्या. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या बहुतेक काचा (निगेटिव्ह) लाल रंगाला आंधळ्या होत्या, त्यामुळे लाल काळसर येतो आणि निळा फिकट.

नाव शोधताना स्पेलिंगला चिकटू नका. व्हिक्टोरिया क्रॉसविजेते नामदेव जाधव यांचं आडनाव इंग्रजीत 'जादव' असंही लिहिलेलं सापडतं. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत फक्त मृत्यू पावलेले असतात. युद्धातून परत आलेल्या पणजोबांचं नाव तिथे सापडलं, तर तो बहुधा नामसाधर्म्याचा दुसराच माणूस. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय कुणालाही आपला म्हणू नका.

फोटोच्या पाठीवर पेनाने काही लिहू नका. वेगळ्या कागदावर दोन रकाने करा: एकात फोटोत दिसलेलं, दुसऱ्यात घरात ऐकलेलं.