सीमध्ये स्ट्रिंग कॉपी करताना या चुका टाळा

सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लॅबमध्ये पोरं मजकूर (स्ट्रिंग) कॉपी करणाऱ्या दोन फंक्शन्सबद्दल एक वाक्य पाठ करून येतात: स्ट्रकॉपी धोक्याची, स्ट्रएनकॉपी सुरक्षित. पहिला भाग खरा. दुसरा ऐकला की माझं डोकं उठतं.

स्ट्रकॉपी समोर जागा किती आहे हे बघतच नाही. शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण, लागेपर्यंत ओतत राहते. स्ट्रएनकॉपीला मर्यादा देता येते, पण मजकूर त्या मर्यादेइतका किंवा लांब निघाला तर ती शेवटी शून्य ठेवत नाही. मग हातात उरते ती स्ट्रिंगच नव्हे. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलचं नाव १४ बाइटच्या ठरावीक खणात बसवायचे आणि उरलेली जागा शून्यांनी भरायचे. स्ट्रएनकॉपी त्या कामाची.

आमच्याकडच्या एका सौहार्द सहकारी सोसायटीच्या प्रोग्रॅममध्ये जिल्ह्याच्या नावाला आठ बाइट होते आणि स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एका नोंदीच्या सलग खणांत, त्याला लागूनच पिनकोड. सभासद सगळे बेळगाव जिल्ह्यातले. जुन्या इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं सात, वर शून्य, झाले आठ. काठोकाठ, पण बरीच वर्षं बिनबोभाट चाललं. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव अधिकृतपणे बेळगावी झालं आणि नव्या स्पेलिंगची अक्षरं भरली आठ. शून्याला जागाच नाही. ते जाऊन बसलं पिनकोडच्या पहिल्या खणात. पिन आधी भरला जात होता, त्यामुळे जिल्हा व्यवस्थित छापायचा आणि पिन कोरा! दोष अर्थातच प्रिंटरला; रिबनसुद्धा बदलून झाली.

मग एका उत्साही पोरानं स्ट्रकॉपी काढून स्ट्रएनकॉपी घातली, मर्यादा आठ. पिन परत आला. ‘चालतंय की ओ सर,’ म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पावत्यांवर ‘बेळगावी५९०००६’ असं एकसलग, आणि पुढे पुन्हा ५९०००६. शून्यच नाही म्हटल्यावर छापणारं प्रिंटएफ थांबणार कुठे? खरी दुरुस्ती जागा वाढवण्याची होती. पण स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये लिहिलं जात होतं, म्हणून जुनी फाइलही नव्या मापात आणावी लागली. ते कंटाळवाणं काम कुणालाच नको असतं.

माझी सवय एकच: एसएनप्रिंटएफ. तिला जागा, जागेचं साइजऑफ (म्हणजे बाइटमधलं माप), ‘पर्सेंट एस’ (म्हणजे ‘इथं मजकूर घाल’ असा फॉरमॅट) आणि मग मजकूर द्यायचा. ती शेवटी शून्य ठेवतेच, शिवाय पूर्ण मजकुराची लांबी परत देते. तो आकडा जागेइतका किंवा मोठा आला तर मजकूर कापला गेलाय. तिथं एरर द्यायची. सभासदाचं नाव अर्धवट छापण्यापेक्षा प्रोग्रॅम थांबलेला बरा. ‘पर्सेंट एस’ टाळून मजकूरच फॉरमॅटच्या जागी घालणारे शहाणेही आहेत. एखाद्या नोंदीत टक्क्याचं चिन्ह आलं आणि ते फॉरमॅटची सूचना म्हणून वाचलं गेलं की त्यांना कळतं. स्ट्रएलकॉपीही चांगली. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी ती १९९८ मध्ये आणली, पण लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ग्लिबसीत, यायला २०२३ उजाडलं, तेव्हा जुन्या सर्व्हरवर ती मिळेलच असं नाही.

साइजऑफची मात्र एक खोड आहे. ॲरे फंक्शनला पाठवला की आत तो नुसता पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असतो, आणि ६४-बिट मशीनवर साइजऑफ आठ सांगतं, ॲरे शंभरचा का असेना. साइज वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा.

आपल्या भागात अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हीत येतात. यूटीएफ-८ मध्ये या लिप्यांच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. ‘बेळगाव’ला १८ आणि शून्याचा एक. एकवीस बाइटच्या खणात ‘बेळगाव शहर’ कोंबलंत तर ‘श’ मधूनच तुटतो आणि स्क्रीनवर चौकोन दिसतो.

बाकीच्या चुका किरकोळ. जागा मागणाऱ्या मॅलॉकला स्ट्रलेन (मजकुराची लांबी) देताना शून्यासाठी अधिक एक विसरू नका. पॉइंटरला पॉइंटर बरोबर केलं म्हणजे कॉपी झाली नाही. एकाच बफरमध्ये मजकूर सरकवायचा तर मेममूव्ह. ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन तर सीच्या २०११ च्या स्टँडर्डमधूनच काढून टाकलंय, तरी नोट्समधून जात नाही.

ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं टूल, लावून चाचणी कराच, पण वरची सोसायटीची चूक त्यानं पकडली नसती. एकाच स्ट्रक्चरच्या आत एका खणातून दुसऱ्यात सांडलेलं त्याला दिसत नाही.