नौदल दिनाला शाळेत अ‍ॅडमिरल नंदांची गोष्ट कशी सांगावी

नोव्हेंबर संपत आला की ओळखीच्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. ४ डिसेंबरला नौदल दिन आहे, मुख्याध्यापकांनी एक तास दिलाय, काय बोलू? निवृत्तीनंतरही नाशिकच्या शाळांतून मी हा तास घेत आले आहे, म्हणून माझी पद्धत एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, नौदलाचा अख्खा इतिहास पस्तीस मिनिटांत कोंबू नका. एकच माणूस घ्या. मी अ‍ॅडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा घेते, १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातले आपले नौदलप्रमुख. त्यांच्या आयुष्यातून त्या युद्धाची कारणं, तयारी आणि किंमत अशी तिन्ही मुलांपर्यंत पोचतात.

आपल्या मुलांची अडचण समजून घ्या. लष्कर म्हटलं की त्यांना देवळालीच्या तोफांचा आवाज माहीत असतो, विमान म्हटलं की ओझरचा विमानांचा कारखाना. समुद्र मात्र सहलीत पाहिलेला, तोही चौपाटीवरून. म्हणून पहिली पाच मिनिटं बोलू नका, फळ्यावर नकाशा काढा. मुंबई, वर दीव, पोरबंदर, द्वारका, ओखा आणि वायव्येला कराची. ठिकाणांची नावं मुलांकडूनच लिहून घ्या. मुंबई ते कराची समुद्रमार्गे ९०० किलोमीटरच्या वर जातं, हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आता माणूस. नंदांचा जन्म १० ऑक्टोबर १९१५ चा. लहानपण गेलं मनोरा नावाच्या ठिकाणी, म्हणजे कराची बंदराच्या अगदी तोंडाशी. ज्या बंदरावर पुढे त्यांच्या हुकमाने हल्ला झाला, तिथली भरती-ओहोटी आणि बोटींची ये-जा बघत ते मोठे झाले. इथे थोडं थांबा, वर्गाला ते पचू द्या. १९४१ मध्ये ते नौदलाच्या राखीव दलात भरती झाले, फाळणीनंतर भारतात राहिले, १९५७ मध्ये ‘मैसूर’ या क्रूझरचे, म्हणजे मोठ्या युद्धनौकेचे, पहिले कप्तान झाले आणि १ मार्च १९७० रोजी नौदलप्रमुख. मधल्या बढत्या आणि पदकं भराभर सांगून टाका, त्यात मुलं रमत नाहीत.

रमतात ती १९६५ च्या दुखऱ्या जागेवर. त्या सप्टेंबरात पाकिस्तानी जहाजांनी रात्रीतून द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपल्या नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जाऊन लढायची परवानगी नव्हती. नौदलातल्या माणसांना ते फार लागलं होतं. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगू नका, नाहीतर कराचीचा हल्ला नुसता पराक्रम वाटतो, त्यामागची सहा वर्षांची तगमग कळत नाही. म्हणूनच १९७१ च्या ऑक्टोबरात नंदा इंदिरा गांधींना भेटले आणि सरळ विचारलं, नौदलाने कराचीवर हल्ला केला तर सरकारला राजकीय अडचण आहे का? बाईंनी थोडा विचार करून दिलेल्या उत्तराचा आशय असा, की युद्ध झालं तर ते युद्धच. नंदांना हवं ते मिळालं.

यानंतर तासाचा गाभा येतो. इथे घाई करू नका.

आपल्याकडे सोव्हिएत रशियाकडून आलेल्या आठ क्षेपणास्त्र नौका होत्या. एकेक जेमतेम ३९ मीटर लांब. मोठ्यांची तीन कबड्डीची मैदानं लांबीत एकापुढे एक लावली की झाली एक नौका. शक्य असेल तर मुलांना पटांगणात नेऊन पावलांनी मोजायला लावा. एवढ्याशा नौकेवर चार क्षेपणास्त्रं, मारा साधारण ४० किलोमीटर. माझ्या वर्गात मी ‘नाशिकहून सोडलं तर निफाड’ असं सांगते, लगेच कळतं.

आता फळ्यावरच्या त्या ९०० किलोमीटरकडे बोट दाखवा. या नौका आपलाच किनारा राखायला बनवलेल्या, इंधन बेताचं. मुंबईहून कराचीला जाऊन परत येणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मुलांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? कोणी म्हणतं जास्तीच्या टाक्या, कोणी म्हणतं वाटेत पंप. मग दोघांना पुढे बोलवा आणि एकाच्या कमरेला सुतळी बांधून दुसऱ्याच्या हातात द्या. पुढचा चालेल, मागचा ओढला जाईल. मोठ्या जहाजाने नौका ओढत न्यायची, इंजिन राखून ठेवायचं आणि शत्रूजवळ गेल्यावर सोडायची. या नौका भारतात आल्या तेव्हा त्यांचं वजन पेलणारी क्रेन मुंबईत नव्हती. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. हे एकदा जमलं होतं, म्हणूनच ते कराचीसाठीही सुचलं. मला या सबंध युद्धात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्फोटाचं वर्णन कोणीही करेल, सुतळी विसरू नका.

४ डिसेंबरची रात्र त्यानंतर आपोआप उभी राहते. निपात, निर्घात आणि वीर या तीन नौका, सोबतीला किल्टन आणि कच्चल ही दोन जहाजं, तुकडीचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव. दिवसभर पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबायचं, अंधार पडला की कराचीकडे धाव. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडाली, मुहाफिज हे सुरुंगशोधक जहाज बुडालं, व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाजही गेलं. खैबरवरच्या लोकांना वाटलं विमानानेच हल्ला केला. नौदल दिन ४ डिसेंबरला का, ते इथे वेगळं सांगावं लागत नाही. ८ डिसेंबरच्या रात्री एकट्या ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेने, त्रिशूल आणि तलवार या जहाजांच्या साथीने, पुन्हा कराची गाठली आणि केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. या दोन्ही हल्ल्यांत आपलं एकही जहाज गेलं नाही.

पूर्वेकडची आघाडी दोन वाक्यांत उरका. बॉयलरला तडा गेलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका तरीही बंगालच्या उपसागरात उतरवली आणि तिच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली.

मग आवाज खाली आणून ‘खुकरी’ या आपल्या युद्धनौकेचं सांगा. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. काही शिक्षक हा भाग गाळतात, कारण कार्यक्रम आनंदाचा असतो. माझा याला ठाम विरोध आहे. ज्या सेनापतीने कराची जाळली, त्यालाच हे नुकसानही सोसावं लागलं. हे माहीत नसलेल्या मुलांना नंदा कळलेच नाहीत, असं मी मानते.

पंचवटीतल्या एका शाळेत सातवीतली मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, त्या खैबरवरची माणसं पण बुडालीच ना?” मागच्या बाकांवरून कोणीतरी “ती शत्रूची होती गं” म्हणालं. मी म्हटलं, हो, बुडाली, आणि त्यांच्याही घरी कोणीतरी वाट बघत होतं. असा प्रश्न आला तर टाळू नका. दोन्हीकडचे बुडालेले खलाशी त्या मुलीने एकाच मापाने मोजले होते.

शेवटची पाच मिनिटं हमखास एका प्रश्नाला जातात, नौदलात जायचं कसं? उत्तर तयार ठेवा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, प्रशिक्षण पुण्याजवळ खडकवासल्याला. २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे. अधिकाऱ्यांची नौदल अकादमी केरळात एळिमला इथे, खलाशांचं प्रशिक्षण ओडिशात चिल्का इथे. मुलींच्या एनडीए तयारीसाठी सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकमध्येच आहे, हे मुद्दाम मोठ्याने सांगा आणि फळ्यावर लिहा. तास सुटल्यावर दोघी-तिघी वहीत उतरवून घ्यायला थांबतात, तेव्हा फळा लगेच पुसू नका.