एएचसीआयचा इंटरप्ट हँडलर : नोंदी कोणत्या क्रमाने पुसाव्यात

एएचसीआय म्हणजे साटा डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी ड्रायव्हरने बोलण्याची प्रमाणित पद्धत. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक, हँडलर म्हणजे ती आल्यावर चालणारा ड्रायव्हरचा भाग आणि रजिस्टर म्हणजे हार्डवेअरमधला बिटांचा छोटा कप्पा. जुन्या पॅरलल एटीए डिस्कला इंटरप्टसाठी स्वतंत्र तार असे आणि प्रोसेसरने स्टेटस रजिस्टर वाचले की डिस्क तो संकेत मागे घेई. साटा केबलमध्ये अशी तारच नाही. डिस्क 'फिस' नावाचे छोटे पॅकेट पाठवते. त्यातला 'आय' बिट १ असेल तर कंट्रोलर त्या पोर्टच्या (डिस्क जोडलेल्या जागेच्या) पीएक्सआयएस या इंटरप्ट-नोंदींच्या रजिस्टरमध्ये नोंद करतो, आणि कोणत्या नोंदींना मुभा आहे हे ठरवणाऱ्या पीएक्सआयई रजिस्टरने मुभा दिलेली असेल तरच ती नोंद सर्व पोर्टांच्या सामाईक आयएस रजिस्टरमध्ये दिसते.

हँडलरमध्ये प्रथम आयएस वाचून कोणत्या पोर्टने हाक दिली ते ठरवावे. मग त्या पोर्टचे पीएक्सआयएस एका चलात वाचून घ्यावे आणि तेच मूल्य जसेच्या तसे परत लिहावे. या रजिस्टरमध्ये १ लिहिल्याने बिट पुसला जातो. म्हणून सगळीकडे १ लिहिण्याचा आळस केल्यास, वाचल्यानंतरच्या क्षणात आलेली नवी नोंदही न पाहताच पुसली जाते.

पूर्ण झालेल्या कमांड शोधण्याचे काम यानंतरच करावे. एनसीक्यू (डिस्कला एकाच वेळी अनेक कमांड रांगेत देण्याची सोय) असेल तर पीएक्सएसएसीटी, नसेल तर पीएक्ससीआय हे बाकी कमांडांचे रजिस्टर वाचून, आपण दिलेल्या ज्या कमांडचा बिट आता ० झाला आहे ती संपली असे धरावे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी पीएक्ससीआय वाचून मागाहून नोंद पुसली, तर मधल्या काळात संपलेल्या कमांडची हाक कायमची हरवते. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये नेमके हेच झाले होते : हजारो वाचने सुरळीत होत आणि मग एखादीच कमांड विनाकारण टाइमआउटपर्यंत अडकून राही.

सामाईक आयएसमधला बिट सर्वांत शेवटी पुसावा. पोर्टची नोंद शिल्लक असताना तो पुसला तर लगेच पुन्हा १ होतो आणि प्रत्येक खऱ्या इंटरप्टमागे एक पोकळ इंटरप्ट येत राहतो.

पीएक्सआयएसचा ३० क्रमांकाचा बिट, म्हणजे टास्क फाइल एरर (डिस्कने कळवलेली चूक), मात्र वेगळा हाताळावा. फसलेल्या कमांडचा पीएक्ससीआय बिट १ च राहतो, त्यामुळे केवळ ० ची वाट पाहणारा हँडलर तिथे अडकतो. सावरण्यासाठी पीएक्ससीएमडी या पोर्टच्या नियंत्रण-रजिस्टरमधला स्टार्ट बिट ० करावा लागतो. त्यासरशी पीएक्ससीआय पूर्ण रिकामे होते, म्हणून कोणत्या कमांड बाकी होत्या हे त्याआधीच टिपून ठेवावे.