पायाला पिसं, डोक्याला ताप: कोंबड्यांच्या संकरात या चुका टाळा

आमच्या घणसोली गावठाणात रविवार उजाडला की कुणीतरी पिल्लू उलटं धरून दारात हजर. "दादा, ब्रह्मा कोंबडा म्हणून घेतला. पिल्लांच्या पायाला पिसं एवढीच कशी? फसवलं का मला?"

नाही हो. ब्रह्मा म्हणजे पायभर पिसं असलेली जात; पायावरच्या त्या पिसांना मी मोजा म्हणतो. ब्रह्मा आणि गावठीच्या पिल्लाला हा मोजा अर्धाच मिळतो: नडगीच्या बाहेरच्या अंगाला विरळ ओळ, बाहेरच्या बोटावर चार पिसं. गुण वरचढ आहे, पण पुरता नाही. त्यात कारभार एका जनुकाचा नाही. तेराव्या गुणसूत्रावर पाय घडवणारं पिटएक्स-१ हे जनुक ढिलं पडतं आणि पंधराव्यावरचं टीबीएक्स-५, जे खरं तर पंखाचं, ते पायात जागं होतं. म्हणून अर्ध्या मोज्याची नर-मादी जुळवली की एकाच घाण्यात भरगच्च, विरळ, साफ असं सगळं निघतं. आठ पिल्लांवर हिशेब मांडू नका. भरगच्च पाय हवेत तर संकरातल्या तलंगीला, म्हणजे तरुण कोंबडीला, पुन्हा ब्रह्माच लावा, आणि वर्षभर थांबा. थांबणं कुणालाच नको असतं, ही खरी अडचण.

आता माझी फजिती. आमचा ब्रह्मा कोंबडा गटारीला गेला. दुसऱ्याच दिवशी मुरबाडच्या मामांकडून साफ पायांचा गावठी कोंबडा आणून सोडला. श्रावणात घरात अंडी खात नाहीत. साठली ती चौथ्या दिवसापासून खुडूक कोंबडीखाली ठेवत गेलो. एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं, त्यातल्या सहांच्या नडगीवर पिसं! मी मामांना फोन करून ऐकवलं, तुमच्या कोंबड्यात भेसळ आहे. मामा म्हणाले, "अरे, बाप तर तू रश्शात खाल्लास."

कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. कोंबडा बदलला की मी आता पूर्ण महिना अंडी बसवत नाही. लोक म्हणतात एवढं नको. असू दे.

पाय पहिल्याच दिवशी, लव सुकल्यावर बघा आणि वहीत लिहा. नंतर बाकीची पिल्लं टोचून पिसं तोडतात, मग "साफ निघालं" म्हणून आनंद.

पिसं उपटून साफ पायाचं म्हणून विकणारे महाभागही आहेत. खवल्यांमधली भोकं उन्हात धरली की दिसतात.

खवले उचललेले, खरखरीत, पांढुरके दिसले तर ती पिसं फुटत नाहीयेत, खवल्यांखाली किडे आहेत. मी खोबरेल चोपडतो, रोज, पाय मऊ पडेपर्यंत.

पावसाळ्यात मोजेवाल्यांना चिखलात सोडू नका. बोटांना गोळे धरतात.

आणि पिसांच्या पायाचं कडकनाथ कुणी दाखवलं तर आधी बोटं मोजा. पाच भरली तर त्यात बहुधा सिल्की, ही पाच बोटांची आणि पिसांच्या पायांची जात, मिसळलीय. कडकनाथला चारच, आणि नडगी साफ.