मलावीतल्या सौर प्रकल्पाची फाइल कशी वाचावी

आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या मलावी या देशातल्या सौर प्रकल्पाची फाइल हातात आली की बहुतेक जण आधी उन्हाचे तक्ते उघडतात. ते शेवटी उघडा. सालिमाचा ६० मेगावॉटचा आणि गोलोमोटीचा २० मेगावॉटचा प्रकल्प वीज देतो आहे, तेव्हा तिथल्या उन्हाबद्दल शंका उरलेली नाही. मी कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने अशा फायली तपासते. पुण्या-नाशिकचे तरुण अभियंते आफ्रिकेत काम शोधू लागले की सुरुवात कुठून करायची हे मला विचारतात. त्यांना मी सांगते, वीजखरेदी करारातलं चलनाचं कलम काढा आणि पेन्सिल घेऊन बसा.

त्या कलमात तीन गोष्टी शोधायच्या. दर कुठल्या चलनात ठरलाय, पैसे कुठल्या चलनात हातात पडणार, आणि डॉलरचे क्वाचा (मलावीचं चलन) करताना दर कुठल्या दिवसाचा धरायचा. तिसरी गोष्ट लोक वाचतच नाहीत. बिलाच्या तारखेचा दर धरला असेल आणि पैसे तीन महिन्यांनी आले, तर मधल्या घसरणीचा सगळा भार प्रकल्पावर पडतो. ही घसरण किती असू शकते ते पाहा. मे २०२२ मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं अवमूल्यन केलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा, त्या वेळी डॉलर ४४ टक्क्यांनी महागला. एका डॉलरला साधारण १,१८० क्वाचा पडत होते, ते १,७०० झाले. समजा तुमचा कर्जाचा हप्ता महिना एक लाख डॉलर आहे. आदल्या दिवशी त्यासाठी ११ कोटी ८० लाख क्वाचा पुरत होते, दुसऱ्या दिवशी १७ कोटी लागले. प्रकल्पातून वीज मात्र तेवढीच निघाली. हे गणित स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हप्त्यावर करून बघा. त्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

दर डॉलरशी बांधलेला असला तरी काम संपत नाही. क्वाचा खात्यात जमा झाले, पण बँकेकडे विकायला डॉलरच नाहीत, अशी वेळ तिथे येते. परकीय चलनाच्या टंचाईपायी मलावीत पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या आहेत, औषधांची आयात अडलेली आहे. अशा रांगेत तुमच्या हप्त्याचा नंबर कितवा, हे रिझर्व्ह बँकेकडून लेखी घेतलंय का ते बघा. राजकीय जोखमीचा विमा फाइलमध्ये असेल तर त्याचंही बारीक अक्षर वाचा. जागतिक बँक गटातली मिगा ही संस्था पैसे देशाबाहेर नेता न येण्याची जोखीम उचलते, चलन घसरल्याने झालेला तोटा उचलत नाही. घसरणीसाठी टीसीएक्ससारख्या निधीकडून वेगळं संरक्षण विकत घ्यावं लागतं, आणि क्वाचासारख्या चलनात ते महाग पडतं.

मग कर्जच क्वाचात का काढू नये, असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथला धोरणदर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा मूळ व्याजदर, २६ टक्क्यांवर गेला. बँकेचं व्याज त्याच्याही वर. वीस वर्षं चालणारा सौर प्रकल्प त्या व्याजावर उभा राहत नाही. माझ्या मते गरीब देशांतल्या स्वच्छ ऊर्जेची खरी अडचण इथे आहे. ज्यांच्या घरी वीज नाही, त्यांनाच पैसा सगळ्यात महाग मिळतो. याचा मला मनापासून राग येतो.

आता पैसे देणारा कोण, ते बघा. आपल्याकडे मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झालं. मलावीत २०१६च्या कायदादुरुस्तीनंतर एस्कॉम या सरकारी वीज कंपनीतून वीजनिर्मिती काढून एजेन्को कंपनी केली गेली. पारेषण आणि वितरण एस्कॉमकडे राहिलं, आणि एकमेव खरेदीदार म्हणून पॉवर मार्केट लिमिटेड ही वेगळी कंपनी उभी केली गेली. तुमच्या करारावर यांपैकी कोणाची सही आहे, आणि जुना करार नव्या कंपनीकडे गेला असेल तर हमीही सोबत गेली का, हे तपासा. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये करार नव्या नावावर होता आणि पतपत्र, म्हणजे बिल थकलं तर बँक पैसे देईल अशी हमी, जुन्याच नावावर. कर्जदात्यांनी तिथेच काम थांबवलं, आणि मला ते योग्य वाटलं.

सरकारी हमीवर फार विसंबू नका. सरकार स्वतःच कर्जाची पुनर्रचना करण्याच्या खटपटीत आहे, आणि नाणेनिधीचा नोव्हेंबर २०२३चा कार्यक्रम मे २०२५ मध्ये अर्ध्यातच संपला. त्यापेक्षा काही महिन्यांच्या बिलांइतकी रोख सोय असलेली बरी. आफ्रिकन ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट डेव्हलपमेंट इन्शुरन्स या संस्थेची अशी एक योजना आहे, आणि मलावी त्या संस्थेच्या संस्थापक देशांपैकी आहे.

ग्रिडचं कलम थोडक्यात सांगते. देशाची बहुतेक वीज शिरे या एकाच नदीवर. जानेवारी २०२२ मध्ये ॲना चक्रीवादळाने कापिचिरा धरणाचा बांध फोडला, आणि सुमारे १३० मेगावॉटचं केंद्र वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. एवढ्या लहान ग्रिडवर ढग आला तरी वारंवारता हलते, म्हणून गोलोमोटीला बॅटरी जोडलेली आहे. तुमचा प्रकल्प तयार असताना ग्रिडच बंद पडली, तर डीम्ड जनरेशनचे, म्हणजे तयार असूनही घेतली न गेलेल्या विजेचे, पैसे कोण देणार आणि वादळाला 'दैवी आपत्ती' म्हणून ते नाकारता येतील का? उत्तर करारात स्पष्ट हवं.

शेवटी जमीन. उपग्रहाच्या चित्रात मक्याच्या शेतांमध्ये झाडांचा एखादा दाट पुंजका दिसला तर त्याला रिकामी जागा समजू नका. ती बहुधा गावाची दफनभूमी असते, आणि तिथली झाडं तोडत नाहीत. कंपनीने आराखड्यात तिथून केबल नेली असेल, तर आराखडा परत पाठवा आणि आधी गावप्रमुखांना भेटायला सांगा. २०१६च्या कायद्याने पारंपरिक जमिनीच्या व्यवहारात स्थानिक जमीन समित्याही आल्या आहेत, त्यांच्या बैठकीचा कागद फाइलला जोडून घ्या. हे सगळं जुळलं की उन्हाचे तक्ते उघडा. त्याला एक दुपार पुरते.